अर्थ लागत नाही

पद्मावतीच्या सिग्नलला गाडी बंद पडली,
भांडण न करता.
जुनी झेन. चावी फिरवली की मागच्या सीटखालून
दोन सेकंद बारीक गुणगुण यायची.
वीस वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती.
थांबली, तेव्हा ऐकू आली.

गुलटेकडीहून यासीन तांबोळी आला, स्कूटरवर.
पेट्रोल आहे का, हे त्यानं विचारलं नाही
(तोवर बाकी सगळ्यांनी विचारून झालं होतं).
फ्यूज उपसून उन्हात धरला: शाबूत.
हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी खोचला.
टक् झालं. पंप मुका.
"रिले कामावर हजर आहे बिचारा," म्हणाला,
आणि त्याच्या जागी तारेचा आकडा अडकवला,
दोन सेकंदांची घाई नको म्हणून.

मग सीट उचलली.
खाली रुपयाचं नाणं, आवळासुपारीची रिकामी पुडी,
लेकीच्या तिसरीतल्या भूगोलाच्या वहीचं पान,
आणि पंपाचं सॉकेट.

माझ्या डिकीत मीटर होता,
शाळेच्या प्रयोगशाळेनं निर्लेखित केलेला.
मी लावला. बारा पॉइंट एक.
"आहे की करंट!" मी म्हटलं,
तेवीस वर्षं दहावीला ओहमचा नियम शिकवणाऱ्या आवाजात.

यासीननं खिशातून त्याचं हत्यार काढलं:
चेतकच्या इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एक दाभण.
त्याच दोन टोकांना लावलं.
मीटर बारा म्हणतोय,
बल्ब ढिम्म.

"मीटर काही मागत नाही, ताई.
दारातून डोकावतो नि सांगतो, घरात माणूस आहे.
बल्ब वाटीभर साखर मागतो.
तेव्हा कळतं."

मग एक टोक तसंच ठेवून
दुसरं दाराच्या बिजागरीला टेकवलं.
बल्ब लख्ख.
"प्लस बरोबर आहे. अर्थ लागत नाहीये."

मी हसले. तो हसला नाही,
तो काळ्या वायरीबद्दल बोलत होता.

वायर गेली कार्पेटखालून, चाकाच्या कमानीपर्यंत,
जिथं एक बोल्ट पार गंजून भुगा झाला होता.
आंबील ओढा पार्किंगमध्ये शिरला त्या रात्रीचा गंज.
महिनाभर दारं उघडी टाकून वाळवली होती आम्ही गाडी,
शेजाऱ्यांना सांगितलं होतं, काही झालं नाही.
या एका बोल्टापर्यंत ऊन पोचलंच नव्हतं.

पॉलिश पेपरनं पत्रा घासला, चंदेरी होईस्तोवर.
नवा बोल्ट, वर बोटभर ग्रीस.
चावी.

गुणगुण.

अडीचशे घेतले. तीनशे देत होते, नको म्हणाला,
नाण्याकडं बोट दाखवून, "हा रुपया पण तुमचाच."

सोमवारी दहावी ब मध्ये मी तो गंजका बोल्ट टेबलावर ठेवला.
फळ्यावर विभवांतर, धारा, रोध.
बराच वेळ बोलले. साखरेचंही सांगितलं.
मागच्या बाकावरून दरेकर उठला:
"मॅडम, हे पेपरात येणार का?"