एक इंच

ओरेस्ट एप्रिलात येतो, बर्फ वितळून
यॉर्कटनचे रस्ते चिखलाने काळे झाले की.
गाडी तीच, सहा सिलिंडरची, बावीस वर्षांची.
कंपनीचं म्हणावं असं तिच्यात आता
इंजिन, टाकी आणि डाव्या अंगाचा एक ओरखडा.

पहिल्या खेपेला उंच काच मागितली,
प्रेअरीचा वारा छातीवर बसतो म्हणून.
मग गरम मुठी.
मग लांबच्या पल्ल्याला पाय पसरायला पुढचे दांडे.
खांदा निखळला त्या साली
हँडलखाली ठोकळे घातले,
हँडल इंचभर मागे आलं.
दोन वर्षांनी आणखी इंचभर.
गाडीच सरकत सरकत त्याच्याकडे येतेय,
मी नुसते बोल्ट आवळते.

कॅटलॉगमध्ये तीनचाकी किटचं पान आहे.
तिथे आला की बोटाला थुंकी लावून
तो दोन पानं एकदम उलटतो.

यंदा दारातूनच म्हणाला,
"डारिया, गाडी उंच झालीय गं.
सिग्नलला टाच टेकत नाही."
मी वाकले, मागच्या शॉकवर उगाच टॉर्च मारला.
"हिवाळाभर उणे चाळीसात उभी होती," म्हटलं,
"स्प्रिंगा ताठल्या असतील."
"तेच म्हणतो मी,"
आणि त्याने माझ्याच थर्मासातली कॉफी ओतून घेतली.

दुपारभर सीटचा फोम कापला,
कव्हर ताणून पुन्हा शिवलं.
तो बसला. टाच टेकली, जेमतेम.
कापलेला पिवळा तुकडा
मी कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात हात पुढे आला.

"आण इकडे.
बुटात घालीन."