कडी

सोन्या मारुतीच्या मागच्या बोळात
दुपारी गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा आल्या सुनंदा तापकीर.
पिशवीत बोर्नव्हिटाचा डबा,
डब्यात कापूस, कापसात प्लास्टिकची सीलबंद डबी,
आणि तिच्यात
तीनशे वर्षं समुद्राखाली पडून राहिलेलं
साडेतीन ग्रॅम सोनं.

"ह्यांचं," म्हणाल्या. एवढंच.

ह्यांना मी ओळखत होतो.
मुरलीधर तापकीर, पाटबंधारे खातं.
जन्मभर खडकवासल्याच्या कालव्यावर
पाण्याची पातळी लिहिली फूट-इंचात,
समुद्र पाहिला एकदाच, हर्णैला, तोही ओहोटीचा.
पण बुडालेली जहाजं तोंडपाठ.
कुठला खडक, कुठलं वादळ,
किती पेट्या, किती माणसं.
माणसांचा आकडा ते हळू सांगायचे.
इथे उभ्याउभ्या चहा पिताना म्हणायचे,
"चांदी काळी पडते, तांबं तर खाऊनच टाकतं पाणी.
सोन्याला समुद्र हात लावत नाही, शेठ."
मी त्यांना त्या दिवसाचा भाव सांगायचो.

बाईंनी गळ्यातली माळ काढून काउंटरवर ठेवली.
पुतळ्यांची. सासूची.
लाल रेशमात ओवलेली, मध्येच एक जागा रिकामी,
पडलेल्या दातासारखी.
डबी तिच्याशेजारी सरकवली.
तोच उभा माणूस, तोच गुडघे टेकलेला,
तीच झेंड्याची काठी दोघांमध्ये.
व्हेनिसहून निघालेलं सोनं
आपल्या बायकांच्या गळ्यात येऊन पुतळी झालं,
हे तापकीरांनीच सांगितलेलं मला.
हे एक वाटेत बुडालं.
ह्याला कडी नाही,
कुणाच्या मानेचा घाम नाही.

"कडी लावा. इथे ओवायचंय."

मी म्हटलं, वहिनी, सील फोडलं, डाग दिला
की संग्राहकाच्या लेखी हे मेलं.
आज मुंबईचा लिलाववाला दीड लाख तरी देईल,
उद्या नुसते वजनाचे.

त्यांनी पदराने चष्मा पुसला.
"एवढी वर्षं पाण्यात थांबली. मग डब्यात.
अजून कुणासाठी थांबायचंय तिला?"

नाण्याला त्या 'ती' म्हणाल्या.

रिकाम्या जागेबद्दल काही विचारलं नाही.
अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, लिलावाची अनामत भरायला,
तापकीर एक पुतळी रुमालात बांधून घेऊन आले होते.
"घरी माहीत आहे," म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
मीच ती मुशीत टाकली.
फार वेळ लागत नाही.
आधी चेहरे जातात.

सील फोडलं. टाकणखार लावला,
रेणाचा कण ठेवला, दिवा पेटवला,
फुंकणी ओठांशी धरली
आणि श्वास पुरेना.

बाई दारातल्या स्टुलावर बसल्या होत्या,
माळ मांडीवर, तोंड रस्त्याकडे.
अंगठ्याने एकेक पुतळी पुढे सरकवत
मोजत होत्या मनात,
आणि रिकाम्या जागेपाशी आल्या
की न थांबता
तोही आकडा धरत होत्या.