समुद्रसपाटीपासून

आधी नदी काढा, म्हणते मी मुलांना.
मुलं म्हणजे पाच. त्यातला एक सर्दीने घरी.
निळा खडू ठेवा खाली. आमची नदी काळी होती,
मँगनीज धुतलेल्या पाण्याची.
आता तळाचे गोटे मोजता येतात.
खाण बंद पडली की नदी सुधारते,
माणसांचं उलटं.

मग दोन्ही अंगांना कडे. असे उभे
की खालच्या गावात डिसेंबरचं ऊन
मधल्या सुट्टीत येतं
आणि घंटा व्हायच्या आत निघून जातं.

वरचं गाव जुनं. दगडी बुरुज, द्राक्षांचे मांडव,
तडा गेलेल्या घंटेचं देऊळ.
खालचं खाणीने वसवलं, एकाच साच्यातल्या इमारती.
वरच्यांनी खालच्यांना चाळीस वर्षं मुलगी दिली नाही.
मग पाळणा आला.

तारेवरचा पाळणा, हिरवा, लोखंडी.
पाटीवर बारा माणसं, आत सतरा
आणि बिद्झिना म्हाताऱ्याच्या कोंबड्या वेगळ्या.
चार मिनिटांत दरी ओलांडायची.
पाळण्यात डोळे भिडले आणि लग्नं जमली,
याची नोंद कुठल्याच पुस्तकात नाही,
मीच सांगते म्हणून आहे.

ब्याण्णवचा हिवाळा. वीज गेली ती मध्यावर.
आत आम्ही सहा जण.
माझ्या काखेत शाळेचा मोठा नकाशा, गुंडाळलेला, कापडी पाठीचा.
मुख्याध्यापक म्हणाले होते, टाकून द्या,
हा देश आता नाही.
शेजारी नाझिब्रोला, नववा महिना,
खालच्या दवाखान्यात निघालेली.

अकरा तास.
वाऱ्याने पाळणा हलत होता, आम्ही तो हलू नये म्हणून
श्वास आवरून बसलो होतो, ती मात्र ओरडत होती.
वरच्या काठावर उशांगी हाताने चाक फिरवू पाहत होता,
त्याचा कंदील दिसायचा, मग दिसायचा नाही.
पहाटे मुलगा झाला.
मी नकाशा उलगडला आणि त्यात गुंडाळला त्याला,
सैबेरिया पायाशी, काळा समुद्र कानाशी.
कापड जाड होतं. उपयोगी पडला तो देश एकदाचा.

उचा नाव ठेवलं. नाझिब्रोलाच्या माहेरच्या बोलीत त्याचा अर्थ काळा,
नदीसारखा.

मग दाखल्याची पंचाईत.
पीठ माणशी मोजून मिळे, त्या त्या गावाच्या यादीवर.
वरचे म्हणाले, आमच्या हद्दीत नाही जन्मला.
खालचे म्हणाले, आमच्याही नाही.
वार्लाम कारकुनाने दोन दिवस शाई वाळवली,
आणि शेवटी जन्मस्थळाच्या रकान्यात लिहिलं:
समुद्रसपाटीपासून सातशे बारा मीटर.

पुढे तारा भंगारात गेल्या. आधी खालच्या, मग वरच्या.
बुरुज पाहायला पाहुणे येतात उन्हाळ्यात,
दुरून डोंगर साजरे;
तसे जवळूनही वाईट नाहीत,
फक्त आता पायऱ्या आहेत, आणि माझे गुडघे.

उचा पोलंडात ट्रक चालवतो.
मागच्या महिन्यात फोन आला: मावशी, इथल्या फॉर्मवर
गावाचं नाव मागतात, आकडा चालत नाही. काय लिहू?
मी म्हटलं, थांब. आणि खिडकीशी गेले.
ती जागा इथून दिसते,
बंद धुराड्याच्या जरा डावीकडे,
अक्रोडाच्या शेंड्याच्या वर.
तेव्हा तिथून एक डोमकावळा चालला होता.
काहीतरी लिही, म्हटलं. तुझ्या आईचं गाव लिही.

तर मुलांनो, नदी झाली, कडे झाले, दोन्ही गावं झाली.
आता सांगा, उचाची जागा कुठे दाखवाल?
सपाट कागद, आणि ती तर वर.

गोचा म्हणाला, ढग काढू.
टेकले बोलली नाही. तिने कंपास उघडला
आणि टोकाने कागदाला भोक पाडलं,
नेमकं नदीवर.

रागावले मी. कागद काय फुकट येतो का.
मग तास संपल्यावर
तो कागद खिडकीशी धरून पाहिला,
आणि घडी न घालता
कपाटात ठेवला.