निचरा

याकूब पेवेकर आधी हातोडीचा दांडा वापरतो,
तोंड नाही.
दारापासून मागच्या चाकापर्यंत टकटक करत जातो,
कान पत्र्याशी.
टण, टण, टण, मग एका जागी
भद्द.
"इथं," म्हणतो, आणि खडूनं गोल काढतो.
दुपारपर्यंत माझी जीप
देवी आलेल्या पोरासारखी दिसू लागते.

एकोणीसशे एकोणनव्वदचं मॉडेल.
फोर व्हील ड्राइव्हचा दांडा अजून करकरत का होईना, पडतो.
हिनं मला गोराईच्या ओल्या वाळूतून नेलंय,
नाणेघाटाखालच्या ओढ्यांतून नेलंय,
आणि दर वेळी घरी आल्यावर मी तिला आंघोळ घातली,
वरून.
पोटाखाली कोण वाकतंय.
पुढे रात्रभर खारदांड्याची हवा,
वाळत घातलेल्या बोंबलांवरून येणारी,
जिला कुलूप माहीत नाही.

दारूखान्याची ही गल्ली इतकी अरुंद
की ग्राइंडरच्या ठिणग्या
समोर जहाजांचे नांगर विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन विझतात.
तो काही म्हणत नाही.
त्याचा माल गंजूनच येतो, वजनावर जातो.

रंग. रंगाखाली पुट्टी. पुट्टीखाली आणखी एक पुट्टी, पिवळी.
तिच्याखाली पत्र्याची नुसती जाळी
आणि जाळीमागं कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा.
उलगडला. प्रेशर कुकरची अर्धी जाहिरात,
भरती-ओहोटीच्या वेळा.
"आधीच्या मालकाचं काम," मी म्हणाले.
याकूब हसला नाही. सरकत पुढं गेला,
दाराखालच्या पट्टीला बोट लावलं.
"आणि हे?"

हे माझं.
पट्टीच्या पोटात सहा भोकं होती, पेन्सिल जाईल एवढी.
मला वाटायचं, इथूनच पाणी शिरतं.
बारा वर्षांपूर्वी एका रविवारी एम-सील मळून
मी ती एकेक बुजवली,
अंगठ्यानं गुळगुळीत केली.
ठसा अजून आहे.

"बाई, पाणी येतंच. ताडपत्रीच्या शिवणीतून येतं,
नुसत्या दमट हवेचंसुद्धा आत पाणी होतं.
भोकं होती ती त्याला जायला."
पोपडा निघाला तसा आतून
चहाच्या रंगाचा चिखल ओघळला, थोडासाच,
किती पावसाळ्यांचा कोण जाणे.

परळच्या लॅबमध्ये तीस वर्षं मी लोकांचं हिमोग्लोबिन मोजलं.
तिथं लोखंडाचं आणि हवेचं बरं चालतं:
धरलं, नेलं, सोडलं.
इथं धरलं ते धरलंच.
याकूबला हे सांगितलं.
तो म्हणाला, "चार इंची चकत्या अजून दोन लागतील."

अठरा गेजचा पत्रा. वेल्डिंग सलग ओढायचं नाही,
पत्रा तापतो, रुसतो, वाकतो.
एक टाका इथं, एक पार तिकडच्या कडेला,
मध्ये एक बिडी.
मग झिंक, मग लाल प्रायमर
(तो तरी काय, डब्यात भरलेला शहाणा गंज),
आणि पोकळीत नळी घालून मेण, तेल,
जिथं माझा हात कधीच पोचणार नाही तिथपर्यंत.
चॅसीच्या मागच्या टोकाला त्यानं हातच लावला नाही.
"ही जागा गेली की गाडी गेली. अजून आहे. दर दिवाळीला दाखवा."
आणि सगळ्यात शेवटी ड्रिल घेऊन
नव्याकोऱ्या पत्र्याला
भोकं पाडली.
माझ्या पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी वायपरखाली सेक्रेटरी वाळिंब्यांची चिठ्ठी,
टाइप केलेली:
आपल्या वाहनातून पार्किंगमध्ये काळे डाग पडत आहेत.
आपले वाहन गळते.

मी खाली पेननं लिहिलं, हो.
रात्री टॉर्च घेऊन, गुडघ्यांना शिव्या देत,
फरशीवर आडवी झाले
आणि थेंब मोजले.
पाच जागी पडत होते.
सहाव्या भोकात सेफ्टी पिन घातली,
हळूच फिरवली.