केसातली पिन

सौंदलग्याची पत्रिका आत अडकलीय,
मुहूर्त परवाचा,
आणि डबा गप्प.
वायर बदलली. त्याच सॉकेटला टेबलफॅन लावून पाहिला,
फिरतो.
मग ह्यालाच काय झालंय?

अडिवेप्पा संकेश्वरहून शेवटच्या गाडीनं आला.
पत्रा उघडला आणि तीनदा शिंकला:
पंख्यात निपाणीची तंबाखू, नऊ वर्षांची.
रॅम काढून शर्टाला पुसली, परत बसवली.
काही नाही.
मग माझ्या केसातली पिन मागितली,
टोकं घासली,
हिरवी वायर काळीला जोडली.
सप्लायचा पंखा घुमला.
"इदु चलो ऐति," म्हणाला.

बोर्डाच्या कोपऱ्यात दोन बारक्या पिना.
त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं,
आणि पडदा उजळला.
मेलं होतं फक्त बटण,
जे मी सकाळपासून दाबत होते.

"इथनं पुढं रीसेटचं दाबा, अक्का,
वायर फिरवलोय."
ऐंशी रुपये.
केसाची पिन त्याच्याच खिशात गेली.

चहा पिता पिता
पत्रिकेच्या कन्नड बाजूला त्यानं बोट ठेवलं:
नवरीच्या नावात एक काना जास्त.
मराठी बाजू बघितली.
तिथंही.