हातचा

डेव्हनपोर्टच्या नर्सरीत ऑगस्टची थंडी
प्लास्टिकच्या छपराखाली घाम होऊन टपकते.
मी स्टूल ओढून बसतो. मांडीवर फॉर्म,
अंगठ्याखाली घड्याळ.
माझं काम सरकारी आहे, आणि साधं:
ब्रॉनी हॅल्टन एका तासात लेट्यूसची किती रोपं
वाफ्यातून उचलून सहा खणांच्या डब्यात लावते
ते मोजायचं,
आणि त्यावरून तिचा पगार ठरवायचा.

सुरुवात काल केली, डॅरेलपासून.
आधी शंभर म्हणजे किती, ते ठरावं लागतं.
डॅरेल धडधाकट. तासाला चारशे दहा लावतो,
मधे दोनदा सिगारेट, एकदा बायकोचा फोन,
एकदा फुटबॉलवरून गेलशी वाद.
तरी डॅरेल शंभर.
त्याने काहीही केलं तरी शंभरच;
फूटपट्टी स्वतःला मोजत नाही.

आज ब्रॉनी.
डावी मूठ जन्मापासून मिटलेली,
उजवा हात जन्मापासून थरथरता.
मिटल्या मुठीवर ती उजवं मनगट टेकवते,
खोडकर पोराला शाळेत नेतात तसा
तो हात मातीपर्यंत आणते,
मग बोटं सुटायची वाट बघते.
सुटतात.
मुळाभोवतीची माती अंगठ्याने दोनदा दाबते.
डॅरेल एकदाच दाबतो.

नियम मला पाठ आहेत.
तिला खोकला आला: घड्याळ थांबवलं.
माती संपली, गेलने नवी गोणी फोडली: थांबवलं.
फेरीबोटीचा भोंगा झाला, सगळ्यांनी माना वळवल्या: थांबवलं.
हात थरथरला: चालू.

"खोकला माझा नाही का?"
ब्रॉनीचे शब्द सावकाश येतात, एकेक जोखून.
"खोकला वजा करता. थरथर ठेवता."
मी म्हणतो, तसा नियम आहे.
ती म्हणते, "हं."
बोलण्यात गेलेले अकरा सेकंद
मी तिच्याच नावावर मांडतो.

दाराशी जोआना उभी आहे, सहाय्य सेवेची,
हातातली कॉफी गार झालेली.
ह्या एका नोकरीसाठी ती सात महिने खपली.
टेबल चार बोटं खाली आणवलं,
सहा चाळीसच्या बसचा थांबा
फाटकाजवळ सरकवून घेतला,
आणि गेलला शिकवलं की
ब्रॉनीचं वाक्य पुरं होईपर्यंत
मधे तोंड घालायचं नाही.
(हे सगळ्यात कठीण गेलं, जोआना सांगते.)
यातलं काहीच माझ्या तासात बसत नाही.
शाळेत बेरीज करताना आम्ही हातचा धरायचो,
वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.
ह्या फॉर्मवर हातच्याला रकाना नाही.

दोनशे सेहेचाळीस.
भागिले चारशे दहा.
मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ब्रॉनी म्हणाली, "साठ."
मग खाली सही केली, मुठीवर मनगट टेकवून,
आणि ती पुरी होईस्तोवर
आम्ही सगळेच गप्प उभे राहिलो.
सहीला घड्याळ लावायचं नसतं.

निघताना गल्ल्यावर मी एक डबा उचलला.
पिवळ्या चिकटपट्टीचे ब्रॉनीचे, बिनपट्टीचे डॅरेलचे.
हा केवढ्याला? साडेचार डॉलर.
आणि तो?
साडेचार.
मी उगाच पुन्हा विचारलं.
"रोपाला काय ठाऊक," गेल म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजू लागली.
मी पिवळ्या पट्टीचा घेतला.
पूर्ण किंमत दिली, आणि तेवढ्याने
काही हलकं वाटलं नाही.

बाहेर थांब्यावर ब्रॉनी, कोटाची बटणं
अर्धी लावलेली. बस दिसत होती.
गाडीची काच खाली कर, अशी तिने खूण केली.
"पुढच्या वर्षी," ती म्हणाली,
मी इंजिन बंद केलं,
"पुढच्या वर्षी मोजायला आलात
तर लेट्यूस नको. लीक द्या.
लीकला धरायला देठ असतो."

बस आली. ड्रायव्हर थांबून राहिला.
मी फॉर्म बाहेर काढला
आणि ते लिहून ठेवलं,
वर, कोपऱ्यात,
जागा नव्हती म्हणून बारीक.