बिल्ला नंबर बासष्ट

पिक्चर मी बघितला नाही, ऐकला.
गाड्यांच्या स्टँडची मागची भिंत पडद्याचीच भिंत.
बॉम्ब फुटला की खिळ्यांवरचे बिल्ले किणकिणायचे
आणि दस्तगीर म्हणायचा, "झालं इंटरव्हल. पिंप भर."

विट्याच्या या टॉकीजला एवढी गर्दी
मी पहिल्यांदाच बघितली.
मागावरची पोरं केसांतला कापूस न झटकता यायची.
दुसऱ्या दिवसापासून दस्तगीर
टोपी डब्याच्या पिशवीत ठेवायला लागला.
"उकडतंय," म्हणाला.
जानेवारी होता.

भिंगारदेवे सरांनी बिल्ला माझ्याच हातात दिला,
गाडी दस्तगीरनं काढून, सीट पुसून उभी केली होती तरी.
एका पोरानं त्याला पन्नासची नोट दिली,
"राहू द्या चाचा," मान खाली घालून.
दस्तगीरनं चाळीस मोजून परत दिले.
सरांपेक्षा ती नोटच त्याला जास्त लागली असावी.

चौथ्या रात्री सगळे गेले,
बासष्ट नंबर तसाच उभा.
हुकाला काळी पिशवी, जड, तोंड सुतळीनं आवळलेलं.
मी पिशवीकडे बघितलं
आणि मग, कुणी न सांगता, दस्तगीरकडे.

अकरा वर्षं एका स्टुलावर आलटूनपालटून बसलो.
माझ्या बापाच्या मयताला बांबू त्यानं आणले होते.
यातलं काहीच
त्या नजरेला आडवं आलं नाही.

त्यानंच सुतळी सोडली.
दोन किलो भडंग,
आणि लहान मुलीच्या चपला, किमतीची चिठ्ठी तळव्याला तशीच.
मालक धापा टाकत आला,
मेव्हण्याला एसटीत बसवायला गेला होता म्हणे.

पिक्चर उतरून आता चार महिने झाले.
सर म्हणतात, जरा अतीच दाखवलं होतं.
डोळे उघडले म्हणणारा मेटकरी मेडिकलवाला
दस्तगीरला परत उधारीवर गोळ्या देतो,
हिरोचं नाव विचारलं तर डोकं खाजवतो.
नव्या पोस्टरखालून जुन्याचा एक डोळा
खळ सुकली की वर येतो.
मी अंगठ्यानं दाबून बसवतो.

त्या रात्री माझी नजर त्याला दिसली का,
मी विचारलेलं नाही.
चहा अजून एकाच ग्लासातला, अर्धा अर्धा.
टोपी अजून पिशवीतच असते.
मे महिना आहे.
आता खरंच उकडतंय.